जहाजाची ‘वाया’ उष्णता : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार कुलकर्णी साहेब,

तुमचं म्हणणं थोडक्यात असं : जहाजाच्या इंजिनात निम्मं इंधन उष्णता होऊन वाया जातं, आपले साखर कारखाने वाफेवर वीज करून विकतात, जहाज कंपन्यांना तेवढंही जमत नाही, आणि वर मी त्यांची वकिली करतो. वकिलीचं नंतर बघू, आधी कारखाना.

कारखान्यात बगॅस (उसाचं चिपाड) जाळून 500 अंशांच्या आसपासची वाफ करतात. ती आधी टर्बाइनवर जाते, मग रस आटवायला. जहाजात ही वरची मलई पिस्टननेच खाल्लेली असते. मोठ्या टू-स्ट्रोक इंजिनात तेलातली जवळपास 50 टक्के ऊर्जा प्रोपेलरच्या शाफ्टला मिळते. साधारण 25 टक्के धुरातून जाते खरी, पण टर्बोचार्जरमधून (धुराच्या जोरावर इंजिनात हवा कोंबणारा पंखा) बाहेर पडेपर्यंत धूर 240 अंशांच्या आसपास आलेला असतो. जॅकेट वॉटर, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, तर जेमतेम 85 अंश. समुद्राचं पाणी 30 अंश धरलं, तर या 85 अंशांच्या उष्णतेतून आदर्श यंत्रालाही 15 टक्क्यांवर काम काढता येणार नाही. हे कार्नोचं गणित आहे (उष्णतेतून जास्तीत जास्त किती काम निघेल ते सांगणारा भौतिकशास्त्राचा नियम), कुणाचा आळस नाही.

शिवाय तेही पाणी फुकट जात नाही. समुद्राच्या पाण्याचं गोडं पाणी करणाऱ्या फ्रेश वॉटर जनरेटरमध्ये हवा खेचून दाब उतरवतात आणि त्याच उष्णतेवर समुद्राचं पाणी 45–50 अंशांना उकळवतात. आमची आंघोळ त्यावरच! फनेलमधल्या (जहाजाचं धुराडं) इकॉनॉमायझरच्या नळ्यांमध्ये धुरावर वाफ होते आणि ती हेवी ऑइल, म्हणजे इंजिनाचं घट्ट तेल, तापवते.

‘मग धूर आणखी थंड का करत नाही?’ हा तुमचा प्रश्न मात्र नेमका आहे. तेलात गंधक असतं. धूर फार थंड केला की नळ्यांवर सल्फ्युरिक आम्ल जमतं आणि नळ्या खाऊन टाकतं. 2020 पासून गंधकाची मर्यादा 3.5 वरून 0.5 टक्क्यावर आली, त्यामुळे त्रास कमी झाला, संपला नाही. दुसरी कटकट काजळीची. जहाज हळू चालवलं की ती नळ्यांना धरते. सूट ब्लो करायचा, म्हणजे झोताने काजळी उडवायची, तर आधी ब्रिजला फोन करून वारा कुठून आहे ते विचारायचं, नाहीतर नुकत्याच रंगवलेल्या डेकवर काळा सडा पडतो आणि बोसनच्या (डेकवरच्या खलाशांचा मुकादम) शिव्या खाव्या लागतात. काजळी साफ केली नाही आणि पेटली, तर इकॉनॉमायझर वितळल्याचीही उदाहरणं आहेत.

तरीही करणाऱ्यांनी केलंय. 2006 च्या एमा मर्स्कवर 80 मेगावॉटच्या इंजिनाच्या धुरावर वीजनिर्मिती बसवलेली होती. पण 2008 च्या मंदीनंतर जहाजं सावकाश चालू लागली. इंजिनाचा लोड उतरला की अशा संचाला पुरेसा धूरच मिळत नाही.

आता वकिली. टाइम चार्टरवर, म्हणजे जहाज ठरावीक मुदतीसाठी भाड्याने दिलं की, तेलाचं बिल भाडेकरू भरतो, यंत्रणा बसवायचा खर्च मालकाचा. वाचलेलं तेल ज्याच्या खिशात जातं, त्याने यंत्रणेला पैसा दिलेला नसतो. मालक कशाला हात घालेल? बचतीतला वाटा मालकाला मिळेल असं कलम करारात घालायला भाडेकरू काचकूच करतात, आणि माझ्या मते अडचण यंत्रापेक्षा तिथे जास्त आहे. त्यावर ओरडायचं असेल तर मी तुमच्या बाजूने आहे.