जर्सीवरचा फोटो, मैदानाचा एक-चौदा

डिचोली तालुक्यातल्या आमच्या गावात सध्या वाद पेटलाय तो मुलांच्या फुटबॉल संघावरून. फुटबॉल २०१२ पासून गोव्याचा राज्यखेळ आहे, मग सरकारने संघाला अनुदान द्यायलाच हवं, असं एका गटाचं म्हणणं. दुसरा गट म्हणतो, आधी रस्त्यांचे खड्डे बुजवा, चेंडू मग घ्या. मी जर्मनीत राहतो म्हणून दोन्हीकडचे फोन करून विचारतात, ‘तिथं कसं असतं रे?’ खरं तर उत्तर त्यांनी आधीच ठरवलेलं असतं, हवा असतो तो साक्षीदार.

साक्ष द्यायला माझी ना नाही. पण ती दोघांपैकी कुणालाच पुरती सोयीची नाही.

मी राहतो त्या गावात सरकार संघाच्या हातात पैसे ठेवत नाही. मैदान नगरपालिकेचं आहे, गवत तीच कापून घेते आणि क्लबकडून नाममात्र भाडं घेते. मुलांना शिकवणारे लोक दिवसा सुतारकाम करतात, बँकेत बसतात. त्यांना मिळणाऱ्या किरकोळ मानधनावर एका मर्यादेपर्यंत कर लागत नाही. २०२१ साली ही मर्यादा वर्षाला ३,००० युरो करण्यात आली. घरची परिस्थिती बेताची असेल, तर मुलाच्या वर्गणीसाठी सरकार महिन्याला १५ युरो देतं, मग ते मूल फुटबॉल खेळो नाहीतर व्हायोलिन शिको. क्लबची नोंदणी लोकहिताची संस्था म्हणून असते, त्यामुळे करखात्याला हिशेब दाखवावा लागतो आणि वार्षिक सभेत सभासदही खजिनदाराला आडवेतिडवे प्रश्न विचारतात. या सगळ्यात कुणाच्या बंगल्यावर अर्ज घेऊन जावं लागत नाही. मला हेवा वाटतो तो याचा, रकमेचा नाही.

गुणी पोरांना घडवण्याचा पैसा मात्र वेगळ्या खिशातून येतो. युरो २००० या युरोपीय फुटबॉल स्पर्धेत जर्मनी गटात तळाला राहिली, पोर्तुगालने तर तीन गोल चढवले. (पोर्तुगीज राजवटीत वाढलेल्या आमच्या आजोबांच्या पिढीला केवढा आनंद झाला असता!) त्यानंतर फुटबॉल महासंघाने व्यावसायिक क्लबांना अकादमी सक्तीची केली आणि देशभर साडेतीनशेहून जास्त प्रशिक्षण केंद्रं उघडली. २०१४ च्या विश्वचषकामागे ती मेहनत होती. त्या केंद्रांचा खर्च फुटबॉलच्याच कमाईतून झाला.

आपल्याकडे हा दुसरा खिसा एकेकाळी भरलेला होता. धेंपो क्लबने पाच वेळा देशाची लीग जिंकली, साळगावकर आणि चर्चिल ब्रदर्सने दोन-दोनदा. या वैभवामागे मोठी उद्योग घराणी होती, त्यातली काही खाणीच्या पैशावर उभी राहिलेली. खाणपट्ट्यातल्या गावांतही कंपनीच्या साहेबाला भेटलं की जाळी, बूट, चषकाचं बक्षीस सुटायचं. आमच्याच तालुक्यातल्या साखळी गावात सेझा या खाण कंपनीची फुटबॉल अकादमी १९९९ मध्ये आली ती त्याच काळात. मग २०१२ मध्ये खाणी थांबल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केल्यावर पुन्हा थांबल्या. मधल्या काळात, २०१६ मध्ये, धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग हे तिन्ही क्लब आय-लीगमधून, म्हणजे देशाच्या लीगमधून, बाहेर पडले. त्यांचं भांडण भारतीय फुटबॉल महासंघाच्या धोरणाशी होतं, खाणींशी नव्हतं. पण गावातल्या पोराला कारणांशी काय देणंघेणं? बघायला आपला क्लब उरला नाही आणि जाळी मागायला साहेबही उरला नाही.

ती जागा आता राजकारण्यांनी घेतली आहे. जर्सीवर फोटो, स्पर्धेला नाव, अंतिम सामन्याला भाषण. मी नाक मुरडणार नाही, कारण दुसरं कोणी देत नसेल तर पोरांनी अनवाणी खेळायचं का? पण ही देणगी निवडणुकीच्या आगेमागे येते आणि ज्या वाड्याने मतं दिली नाहीत, तिथे उशिरा येते. ‘संघाला अनुदान द्या’ या मागणीतून सरकारी पैसाही त्याच वाटेने येईल, ही माझी भीती आहे. खड्डेवाल्यांना मात्र एवढंच सांगेन की इथं मैदान हे रस्त्यासारखंच पालिकेचं काम समजलं जातं, दोन्हींत भांडण लावत नाहीत.

जर्मनीचे गोडवे गातोय असं वाटायला नको. इथं प्रशिक्षक पुरत नाहीत म्हणून मुलांना प्रतीक्षायादीत ठेवतात आणि शनिवारी आईबाप रेफरीवर असे ओरडतात की कान झाकावेत. शिवाय आपल्याकडे भातकापणी झाली की मळ्यात दोन बांबू रोवून पाऊस येईपर्यंत खेळता येतं. तशी मोकळीक इथल्या पोरांना नाही.

पण मळा हे मैदान नव्हे, आणि आमचं खरं दुखणं तिथंच आहे. मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर २०१७ मध्ये मुलांच्या आणि २०२२ मध्ये मुलींच्या सतरा वर्षांखालील विश्वचषकाचे सामने झाले, सुंदर झाले. आमच्या गावच्या मैदानाचा एक-चौदा (महाराष्ट्रात ज्याला सातबारा म्हणतात, तो) काढा, त्यावर क्लबचं नाव नाही, पंचायतीचंही नाही. गोव्यात अनेक मैदानं अशीच आहेत, कोमुनिदादच्या (गावकारांच्या, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांच्या सामाईक संस्थेच्या), देवस्थानच्या नाहीतर भाटकाराच्या (जमीनदाराच्या) जमिनीवर. जमीन आपली नाही म्हटल्यावर कुंपण, पाणी, दिवे यांवर सरकारी पैसा घालताना अधिकारी कचरतो, आणि त्याचं चुकत नाही.

म्हणून दोन्ही गटांना माझं सांगणं असं, की येत्या रविवारच्या ग्रामसभेत अनुदानाचा विषय बाजूला ठेवा. मैदान पंचायतीच्या नावे दीर्घ मुदतीच्या करारावर घेण्याचा ठराव आणा. गोवा फुटबॉल विकास मंडळ मुलांसाठी केंद्रं चालवतं, तसं एक केंद्र आणि त्याचा पगारी प्रशिक्षक गावाला मागा. फोनवर हे ऐकून अनुदानवाला मित्र हसला. म्हणाला, ‘जमीन मागितली तर अर्धे गावकार उठून उभे राहतील, त्यांना तिथं प्लॉट पाडायचेत.’ मग वाद त्यांच्याशी घाला, जर्सीच्या रंगावरून कशाला घालताय, असं मी त्याला म्हटलं. त्याने अजून उलट फोन केलेला नाही.