बर्डी

नागपुरात घरी येऊन "आज बर्डी झाली" असं सांगू नये. इथे बर्डी म्हणजे सीताबर्डीचा बाजार. मी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, "मंग पिकोला टाकलेली साडी आणली काऊन नाही?" डिस्क गोल्फमध्ये पारपेक्षा, म्हणजे ठरवून दिलेल्या फेकांपेक्षा, एक फेक कमी लागली की तिला बर्डी म्हणतात, हे समजवायला दोन कप चहा खर्ची पडला. तिला ते पटलं आणि त्याच आठवड्यापासून माझी बर्डी बंद झाली.

खेळ साधा आहे. गोल्फच, फक्त चेंडूऐवजी तबकडी आणि खड्ड्याऐवजी साखळ्या लटकवलेली लोखंडी टोपली. साखळ्या तबकडीचा जोर मारतात, मग ती खालच्या जाळीत पडते. ही टोपली काढली एड हेड्रिक नावाच्या अमेरिकन गृहस्थानं. पहिलं कायमचं मैदानही त्याचंच, १९७५ सालचं, कॅलिफोर्नियातलं. २००२ मध्ये तो वारला, तेव्हा त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची राख मिसळून तबकड्या केल्या. आपण अस्थी रामटेकला नेतो, हा गडी मेल्यावरही उडतो आहे! मी उजव्या हाताचा, त्यामुळे माझी तबकडी शेवटी शेवटी डावीकडे कलते. उद्या कोणी माझ्या राखेची केलीच, तर तीही डावीकडच्या नालीत जाईल.

आमचं मैदान म्हणजे लेआउटमधले रिकामे प्लॉट. कडुलिंब, डीपी, 'हा प्लॉट विकणे नाही'ची पाटी, ही आमची निशाणं. खरी टोपली एकच. जुन्या कूलरच्या स्टँडला सायकलच्या चेना वेल्डरकडून लावून घेतलेली. चेनांचं ग्रीस लागून तबकडी, हात आणि बनियन एकाच रंगाचे होतात.

तर, एप्रिलपासून पुट जाईना. पुट म्हणजे जवळून टोपलीत टाकायची हलकी फेक. पंधरा फूट, वारा नाही, समोर टोपली. अंगठा वर, बोटं खाली, मनगट सैल, सगळं बरोबर. आणि सोडायच्या नेमक्या क्षणी मधलं बोट म्हणतं, थांब ना जरा. तबकडी चेनेला डावीकडून चाटून जाते. छन्न! घंटा वाजवावी आणि पुजाऱ्यानं गाभारा बंद करावा, तसं.

मग मी तेच केलं जे करू नये. मे महिन्यात रोज पहाटे पाचला गच्चीवर शंभर पुट. आठनंतर गच्चीवर पापड भाजून निघतात, माणसाचं काय घेऊन बसलात. वहीत आकडे लिहायचो: ३८, ३१, २६. मी बँकेतला माणूस. नव्वद दिवस हप्ता थकला की खातं एनपीए होतं. जूनअखेर मी झालो.

सल्ले फुकट होते. एक म्हणाला कोपर पाहा, दुसरा म्हणाला गुडघा वाकव. ज्यांनी जन्मात तबकडी फेकली नाही असे शेजारचे काका म्हणाले, "भाऊ, तुम्ही लय इचार करून राह्यले." तेवढं सोडून मी सगळ्यांचं ऐकलं. एकाच वेळी. उभा राहिलो की लोक विचारत, लकवा कधी आला?

शेवटी सोडूनच दिलं. लांब फेकायची तबकडी, म्हणजे ड्रायव्हर, दह्यावर झाकण झाली, पुटची तबकडी, म्हणजे पुटर, लसणाच्या चटणीची ताटली. घरातल्या कूलरचा स्टँड गंजून मोडला, तेव्हा बायकोनं टोपलीच चेनांसकट खिडकीखाली लावली. रात्री कूलर थरथरला की चेना वाजायच्या. झोपेत माझ्या इतक्या बर्ड्या झाल्या, सांगता सोय नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे मोठाल्या पुतळ्यांची मिरवणूक, बघायला गेलो. काळी १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून, आणि गावाची ईडापीडा घेऊन जाते. गर्दीत मीही बोंबललो, "पुटचा रोग घेऊन जा गे मारबत!" बाजूचा अनोळखी माणूस कळवळून म्हणाला, "पोटाचा? कोमट पाणी घेत जा सकाळी."

तोवर कूलर बंद झाले होते. पुढच्या शनिवारी टोपली प्लॉटवर नेली. वही नाही, मोजणी नाही, लसणाचा वास मारणारी एकच पुटर. खेळून झाल्यावर तर्री पोहे कुठे खायचे यावर मित्रांचं भांडण जुंपलं होतं. मी मध्येच "तर्री पातळ असते त्याची" म्हणत वीस फुटांवरून हात सोडला. चेनांनी तबकडी धरली आणि अलगद खाली ठेवली. भांडणाऱ्यांपैकी एकानंही पाहिलं नाही.

घरी जाताना वाट वाकडी करून सीताबर्डीला गेलो, पिकोची साडी घेतली आणि दारातच म्हटलं, "बर्डी झाली."

तिनं पिशवीत डोकावून साडीची किनार तपासली. मग म्हणाली, "आणि ताटली कुठी हाय? चटणी कधीची करून ठेवली."