चिआंग माईत स्वस्तात कसं राहावं

पुण्यातल्या भाड्याने मेटाकुटीला आला असाल, तर उत्तर थायलंडमधलं चिआंग माई गाठा. तिथे म्हणे सगळं स्वस्त. का स्वस्त, या भानगडीत पडू नका. तिथल्या माणसाची दिवसाची किमान मजुरी ४०० बाटच्याही आत आहे हे कळलं, तर घास उगाच घशात अडकेल.

परदेशी बसून काम करणाऱ्यांसाठी थायलंडने २०२४ मध्ये पाच वर्षांचा ‘डेस्टिनेशन थायलंड व्हिसा’ म्हणजे डीटीव्ही काढला. एका खेपेला १८० दिवस राहता येतं. खात्यात फक्त ५ लाख बाट दाखवायचे, म्हणजे दहा लाखांवर रुपये. स्वस्तात राहायचं तर एवढं लागणारच.

घर निम्मान या झकपक भागातच बघा. तिथल्या कॅफेत एका कॉफीवर दिवस काढा. तेवढ्या पैशांत गल्लीतल्या टपरीवर पोटभर खाओ सोइ मिळतं, पण टपरीला वायफाय नसतं. मॅनेजरला गावी आलोय म्हणून सांगा. घड्याळ दीडच तास पुढे आहे आणि कोंबडा तिथलाही साताऱ्यासारखाच आरवतो.

स्थानिक जेवण मात्र चुकवू नका. खाओ सोइ म्हणजे नारळाच्या दुधातला पिवळाधमक रस्सा, त्यात अंड्याच्या नूडल्स, वर तळलेल्या नूडल्सचा कुरकुरीत पुंजका, शेजारी आंबवलेली मोहरीची पानं, कच्चा कांदा आणि लिंबाची फोड. आधी फोटो काढा. तोवर वरचा पुंजका मऊ पडतो, पडू द्या. फोटोत कळत नाही. मग ६० बाटच्या वाडग्यासाठी मावशींशी घासाघीस करा.

शाकाहारी असाल तर पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात ‘जे’ लिहिलेलं दुकान शोधा. तिथे कांदा-लसूणसुद्धा घालत नाहीत, आजी खूश होईल. ते लांब पडत असेल तर कच्च्या पपईचं सोम तम बिनधास्त मागवा. त्यातली सुकट बोटाने बाजूला सारायची आणि उरलेल्या फिश सॉसला ‘उमामी’ म्हणायचं. रात्री खोलीवर कुकर लावून मेतकूट-भात खाल्लात, तर त्याचा फोटो कुठे टाकू नका.

फेब्रुवारी-मार्चमध्ये शेतं आणि जंगलं पेटतात. धुरात दोई सुथेपचा डोंगर दिसेनासा झाला, की व्हिएतनाममधल्या दा नांगचं तिकीट काढा. हवा खराब आहे म्हणून घरमालकाकडे पूर्ण डिपॉझिट मागा. तो खोकत असेल तर जरा लांब उभं राहून मागा.