बावीस टक्के तरी का?

इंदूरमध्ये हवावाल्या पोराने माझ्या टायरकडे न बघताच मशीनवर ४० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) लावलं. मी म्हटलं, "३३." तो म्हणाला, "भिया, सब चालीस ही भरवाते हैं."

३३ काही मला स्वप्नात दिसलेलं नाही. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर कंपनीने तसं स्टिकर लावलंय. टायरवर कोरलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा, तेवढी हवा भरायची नसते. पण ऐकतो कोण?

एवढ्यात मागच्या स्कूटरवरचे काका, हुकाला पोह्यांची पुडी लटकवलेली, पुढे सरसावले. "मराठी का? रामबागेतले?" रामबाग या मराठी वस्तीत राहत नाही म्हटल्यावर थोडे हिरमुसले, पण थांबले नाहीत. "नायट्रोजन भरा. हवा उतरतच नाही."

"काका, साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो."

"मग उरलेले बावीस टक्के तरी कशाला भरता?"

याला उत्तर नाही. मी तरी नेट लावून सांगितलं: रबरातून हवा झिरपतेच, पंक्चर नसलं तरी महिन्याला एखाद-दोन पीएसआय जाते, थंडीत पारा दहा अंश उतरला की आणखी दोनेक कमी.

"आपल्या इंदूरची हवा?" काका दुखावले. "२०१७ पासून स्वच्छतेत पहिला नंबर आहे!"

मग त्यांनी चपलेने माझ्या टायरला लाथ घातली, मान तिरकी करून आवाज ऐकला आणि निकाल दिला, "मऊ आहे. चाळीसच भरा." हल्लीच्या गाड्यांचा रेडियल टायर खाली जरा फुगीर दिसतोच, पण रांगेतले सगळे आता काकांच्या बाजूने. पोराने भरलं चाळीस.

आता मधलाच पट्टा झिजणार, पावसात ब्रेक दाबला की गाडी घसरणार आणि टायरचे पैसे माझ्याच खिशातून जाणार, काकांच्या नाही. खरं तर हवा सकाळी टायर थंड असताना मोजायची. चालून तापला की आकडा आपोआप तीन-चारने वर जातो. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी घरीच दाब मोजायचा गेज लावला आणि खाली बसून चारही चाकांतली जास्तीची हवा फुस्स फुस्स सोडली. शेजारच्या वहिनींनी गॅलरीतून विचारलं, "पंक्चर का हो?"

तेव्हाच दिसलं की व्हॉल्व्हची टोपणं तीनच आहेत. टोपण नसलं की धूळ आत जाते आणि व्हॉल्व्ह गळायला लागतो. दुकानदार एकटं टोपण देत नाही, चारचा सेट घ्या म्हणतो.