‘बलुतं’ला कुणी सवलतीचे मार्क दिले नाहीत

काल भाचीने एक फॉरवर्ड पाठवला, खाली फक्त "मामा, हे खरंय का?" मागच्याच आठवड्यात माझ्याकडून दया पवारांचं ‘बलुतं’ हे आत्मकथन घेऊन गेलीय, अजून निम्मंही झालं नाही आणि कुणीतरी तिला आधीच सांगून मोकळं झालं की पुस्तक म्हणजे नुसती रड, समीक्षकांनी जात बघून सवलतीचे मार्क दिले, दलितांनी एकमुखाने डोक्यावर घेतलं, भाषा अशुद्ध आणि पु.लं.नी लिहिलं नसतं तर कुणी हात लावला नसता.

एकमुखाने? साफ खोटं. १९७८ला ग्रंथालीने पुस्तक काढलं तेव्हा जिव्हारी लागणारी टीका आली ती शिकल्यासवरल्या दलित वाचकांकडूनच, की आपला उकिरडा चारचौघांत कशाला उकरायचा, आत्ता कुठे जरा मान वर करून चालायला लागलोय. आपल्याच माणसांचा रोष अंगावर घेऊन लिहिणारा माणूस सवलत मागायला आला होता का?

आणि रड म्हणणाऱ्याने पुस्तक उघडलंय तरी का! शिकलेला, कवी म्हणून नाव झालेला दया पवार ऐकतोय आणि त्याच्याच आतला दगडू मारुती पवार बोलतोय, एकाच माणसाचे दोन तुकडे समोरासमोर. ही बांधणी आपोआप होत नाही हो. त्यात मुंबईतली कावाखान्याची वस्ती आहे, कागद-चिंध्या गोळा करणारी आई आहे, आणि मला सगळ्यात जड गेलेला भाग म्हणजे पहिल्या बायकोचा, संशय घेऊन तिला सोडलं हे तो स्वतः सांगतो. रडणारा माणूस स्वतःलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभा करत नाही.

भाषेबद्दल काय बोलायचं, बलुतं म्हणजे गावकीच्या कामाबदल्यात मिळणारा धान्याचा वाटा, ते जगणं पुस्तकी मराठीत सांगायचं कसं?

पु.लं.च्या लिहिण्यामुळे पुस्तक लांबवर पोचलं, बरं बाबा, मान्य. आणि काही समीक्षक ‘वेगळ्या जगाचं दर्शन’ एवढं म्हणून थांबले, लेखनाबद्दल बोललेच नाहीत, हेही खरं. पण ही कसली सवलत, हे तर मार्क कापणं झालं!

भाचीला हेच सगळं पाठवलं. रात्री तिचा मेसेज आला, "आईचा भाग वाचतेय, नंतर बोलू."