'वॉर वॅगन'मध्ये जॉन वेन संपलेला होता म्हणे!

एक पोस्ट परत फिरायला लागलीय. १९६७ चा हॉलिवूडचा दरोड्याचा वेस्टर्न 'द वॉर वॅगन' म्हणजे दमलेल्या हिरोचा, जॉन वेनचा पिक्चर, सोबतच्या कर्क डग्लसने त्याला पार खाऊन टाकला, तिथून वेनची उतरती कळा लागली, आणि दरोडा नुसता नावाला, बाकी तेच घोडे आणि ढिशुम ढिशुम.

उतरत्या कळेचं आधी बघू, कारण ते सरळ चूक आहे. दोनच वर्षांनी, १९६९ ला 'ट्रू ग्रिट' आला आणि त्याच रोलसाठी त्याला आयुष्यातलं एकमेव अ‍ॅक्टिंगचं ऑस्कर मिळालं. विषय संपला.

दमलेला? असेल की! १९६४ मध्ये कॅन्सरपायी डावं फुफ्फुस काढलेलं, वय साठीला टेकलेलं, डोक्यावर विग, आणि शूटिंग मेक्सिकोतल्या दुरांगोच्या उंचावर. पण रोल कसला आहे ते तरी बघा ना, तो तुरुंगातून पॅरोलवर सुटलेला, जमीन आणि त्यातलं सोनं दुसऱ्याने लाटलेलं, आणि आता शांत डोक्याने हिशोब चुकता करायला आलेला माणूस आहे, त्याने कशाला उड्या मारायच्या? उड्या मारायला डग्लस आहे, घोड्यावर दरवेळी नवीन स्टाईलने चढतो, हातमोज्यावरून अंगठी घालतो. दोघं एकदम दोन गुंडांना उडवतात तो सीन आठवा. डग्लस म्हणतो माझा आधी पडला, वेन म्हणतो माझा जास्त उंच होता. बस्स, एवढंच. चेहऱ्यावरची माशी हलत नाही आणि टाळी तोच घेऊन जातो.

आणि खाऊन टाकला म्हणणाऱ्यांनो, पिक्चरच्या प्रॉडक्शनमध्ये वेनची स्वतःची कंपनी होती, बॅटजॅक. त्याआधी दोघांनी दोन पिक्चर एकत्र केलेले, म्हणजे समोरचा किती भाव खातो हे याला चांगलंच माहीत होतं.

दरोडा नावाला हे तर बघताना झोप लागलेल्याचं मत वाटतं. सोनं नेणारी लोखंडी गाडी (हीच वॉर वॅगन), वर फिरती गॅटलिंग गन म्हणजे जुनी मशीनगन, भोवती घोडेस्वारांचा पहारा. मग तिजोरीवाला, स्फोटकांवाला दारुडा पोरगा, आतली खबर देणारा असे एकेक जमवायचे, पूल उडवून पहारेकरी तोडायचे, सोनं पिठाच्या पिंपात लपवायचं. अजून काय पाहिजे?

नावंच ठेवायची असतील तर हॉवर्ड कीलला ठेवा, म्हणजे त्याला तसं उभं करणाऱ्यांना. चांगला गाणारा गोरा नट, त्याला अमेरिकेतला मूळ आदिवासी बनवून विनोदाला वापरलाय, ते आज खरंच बघवत नाही. त्यावर पोस्टमध्ये चकार शब्द नाही.