स्थळप्रत ठेवा, बाकी देव बघेल

समजा उद्या तुम्ही मोठे नेते झालात. निवडणुकीला पैसा तर लागणारच आणि तो नेमका त्याच शेठलोकांकडे आहे ज्यांना तुम्ही रोज भाषणात झोडपताय, मग काय करायचं? घाबरायचं काय त्यात, पत्र लिहायचं. समोरच्याने वाचावं म्हणून नाही हां, फाईलला लागावं म्हणून. ह्या विद्येतला आपला गुरू म्हणजे थिओडोर रूझवेल्ट, 1901 ते 1909 अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष. जन्मभरात दीड लाखाच्या आसपास पत्रं लिहिली म्हणतात (आपल्याला मावशीच्या मेसेजला उत्तर द्यायला तीन दिवस लागतात). स्टेनोला डिक्टेट करायचं, टाईप होऊन आलं की परत पेन घेऊन ओळींच्या मध्ये बारीक अक्षरात अजून काहीतरी घुसडायचं, आणि मुख्य म्हणजे नक्कल ठेवायची. आपल्या सरकारी भाषेत स्थळप्रत.

आता पहिला धडा. साल 1904, तारीख 26 ऑक्टोबर, मतदान 8 नोव्हेंबरला. ट्रस्टवाल्यांचा (म्हणजे अख्खा बाजार मुठीत ठेवणाऱ्या बड्या कंपन्यांचा) कर्दनकाळ म्हणून ज्याचं नाव गाजतंय तो हा माणूस आपल्या पक्षाच्या प्रचारप्रमुखाला, कॉर्टेल्यूला, पत्र लिहितो की स्टँडर्ड ऑइलवाल्यांनी (रॉकफेलरची अवाढव्य तेल कंपनी) आपल्या निवडणूक फंडाला 1 लाख डॉलर दिलेत असं मला आत्ताच कळलं, हे साफ खोटंही असेल, पण खरं असेल तर पैसे ताबडतोब परत करायला सांगा. वाचा परत एकदा. काय सुंदर वाक्य आहे राव! ‘आत्ताच कळलं’ म्हणजे आधी माहीत नव्हतं, ‘खोटंही असेल’ म्हणजे मी कुणावर आरोप करत नाहीये, ‘खरं असेल तर’ म्हणजे चौकशी तुम्ही करा, आणि ‘ताबडतोब’ म्हणजे मी किती कडक आहे बघा. एका वाक्यात चार ठिकाणी हात धुवून घेतले.

पैसे परत गेले का? छे हो. ह्यावरचा एक किस्सा सांगतात, खरा-खोटा सांगणाऱ्यांना माहीत, पण फिरतो बराच. रूझवेल्ट हे पत्र सांगत असताना त्याचा जुना सहकारी नॉक्स तिथे आला आणि म्हणाला की साहेब, ते पैसे तर खर्च पण झाले, तर रूझवेल्ट म्हणाला असू दे, रेकॉर्डला पत्र बरं दिसेल. आता पंगत उठली, पत्रावळी उचलल्या आणि मग वाढप्याला दम द्यायचा की ते वरण परत पातेल्यात ओत, तर तो बिचारा ओतणार काय. पण 1912 साली सिनेटच्या कमिटीने निवडणुकीच्या पैशांची चौकशी लावली तेव्हा कामाला काय आलं? वरण नाही, पत्र. हा पठ्ठ्या पत्रं घेऊन साक्षीला हजर. आणि ह्याच्याच सरकारने 1906 मध्ये स्टँडर्ड ऑइलवर केस टाकली होती, 1911 मध्ये सुप्रीम कोर्टाने कंपनी फोडली, म्हणजे ज्याचं मीठ खाल्लं त्यालाच कोर्टात खेचलं, आणि मीठ परत करायला सांगितल्याची नक्कल खिशात.

दुसरा धडा, मैत्रिणींना जपून लिहा. मारिया स्टोरर नावाच्या बाईंनी 1897 मध्ये ह्याला नौदल खात्यात पद मिळावं म्हणून खटपट केलेली, नंतर ह्याने त्यांच्या नवऱ्याला व्हिएन्नाला राजदूत केलं, तर बाई तिथून आयर्लंड आडनावाच्या अमेरिकन आर्चबिशपना कार्डिनल (कॅथलिक चर्चमध्ये पोपच्या खालोखालचं पद) करायला पोपकडे शब्द टाका म्हणून ह्याच्या मागेच लागल्या. शेवटी 1906 मध्ये नवऱ्याचीच नोकरी गेली. मग नवरा-बायकोने साहेबांची जुनी ‘प्रिय मारिया’ पत्रं छापून वाटली, साहेबांनी उत्तरादाखल स्वतःची छापली, आणि अख्खा देश ‘प्रिय मारिया’ म्हणून हसत बसला. आयर्लंड काही कार्डिनल झाले नाहीत.

तिसरा धडा जरा ॲडव्हान्स आहे, लक्ष द्या. त्याच 1904 च्या ऑक्टोबरात रूझवेल्टने रेल्वेसम्राट हॅरिमनला पत्र लिहिलं आणि त्यात लिहून बसला की तुम्ही-आम्ही व्यवहारी माणसं. हे असलं कधीच लिहायचं नाही, हे चहा पिताना बोलायचं असतं! पुढे दोघांचं फाटलं. तर 8 ऑक्टोबर 1906 ला शर्मन नावाचा खासदार येऊन सांगून गेला की हॅरिमन तुमच्याबद्दल असंअसं बोलतो, आणि साहेबांनी त्याच दिवशी शर्मनलाच लांबलचक पत्र लिहिलं. पत्रात काय? तर तू मला काय काय सांगितलंस ते! ज्याने सांगितलं त्यालाच परत सगळं सांगितलं, आणि वर ठोकून दिलं की हा हॅरिमन म्हणजे डेब्स, मॉयर, हेवुड ह्या कामगार पुढाऱ्यांइतकाच नकोसा नागरिक आहे. मग पत्र फाईलमध्ये, लोणचं मुरत ठेवतात तसं.

एप्रिल 1907 मध्ये न्यूयॉर्कच्या ‘वर्ल्ड’ पेपरात हॅरिमनचं एक खाजगी पत्र छापून आलं, की रूझवेल्टच्या सांगण्यावरून मी निवडणुकीसाठी लाखो डॉलर जमवले, बदल्यात आमच्या सिनेटर डेप्यूला पॅरिसचा राजदूत करायचं ठरलं होतं. साहेब डगमगले? उघडलं ड्रॉवर, काढली बरणी, शर्मनला लिहिलेलं पत्र पेपरवाल्यांना देऊन टाकलं. हॅरिमन गारद. फक्त एक झालं, मॉयर आणि हेवुड तेव्हा आयडाहोत खुनाच्या आरोपाखाली तुरुंगात होते, खटला उभा राहायचा होता, आणि राष्ट्राध्यक्ष आधीच त्यांना नकोसे ठरवून मोकळा. कामगार ‘मी नकोसा नागरिक’ असे बिल्ले छातीला लावून फिरायला लागले. जुलैत हेवुड निर्दोष सुटला. म्हणजे बरणी उघडताना शेजारी कुणाच्या अंगावर तेल उडेल ते बघून घ्या, एवढंच.

आणि हो, हॅरिमनचं ते पत्र बाहेर आलं कसं? त्याने कामावरून काढलेल्या स्टेनोने पेपरला विकलं. म्हणजे जगातल्या सगळ्या स्थळप्रती तुमच्या कपाटात असतील, पण शॉर्टहँडची वही त्या पोराकडे असते. त्याचा पगार थकवू नका, दिवाळीला मिठाईचा पुडा न चुकता, आणि घरी आईची तब्येत कशी आहे ते विचारत चला.